‘द प्रिझनर’चं गाव आणि भोवतीचे किल्ले: पोर्टमेरिअनची सहल कशी आखावी

‘द प्रिझनर’ ही मालिका जिथं चित्रित झाली ते वेल्समधलं पोर्टमेरिअन पाहून आलेल्या मंडळींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘मालिकेत दिसते ती पुळण कुठंच नव्हती, पायरीपर्यंत पाणीच पाणी.’ ‘गाव एवढंसंच?’ ‘नंबर सहाच्या घरात शिरलो तर आत दुकान.’ ‘किल्ला समजून ज्याच्यापुढे फोटो काढले ते हॉटेल निघालं.’ आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी: ‘एका दिवसात गाव आणि तीन किल्ले उरकले, आता कुठला बुरूज कुठल्या किल्ल्याचा ते आठवत नाही.’ यात नशिबाचा दोष काहीच नाही. कामं उलट्या क्रमानं होतात, एवढंच. आधी सुट्टी, मग हॉटेल, मग रेल्वे, आणि समुद्राकडे बघायचं सगळ्यात शेवटी. इथं तोच क्रम सुलटा करून मांडला आहे.

ज्यांना मालिका ऐकूनच माहीत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘द प्रिझनर’ ही 17 भागांची ब्रिटिश मालिका 1967 साली दाखवायला सुरुवात झाली. राजीनामा दिलेल्या एका माणसाला एका विचित्र, रंगीत गावात डांबून ठेवतात आणि नावाऐवजी आकडा देतात: नंबर सहा. ते गाव म्हणजे वायव्य वेल्समधलं, डुइरिड नदीच्या खाडीकाठचं पोर्टमेरिअन.

1. आधी भरती-ओहोटी, मग सुट्टीचा अर्ज

मालिकेतली सगळ्यात लक्षात राहणारी दृश्यं वाळूवरची आहेत. माणूस मोकळ्या पुळणीवर धावतोय आणि मागून पांढरा फुगा घरंगळत येतोय. ही वाळू दिवसभर तिथं नसते. भरतीला खाडी भरून पाणी धक्क्याच्या भिंतीला लागतं आणि ओहोटीला दूरवर ओली वाळू उघडी पडते. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी जवळच्या पोर्थमाडोग किंवा बारमथ बंदराचं भरतीचं कोष्टक उघडा. दोन्ही ठिकाणांची कोष्टकं इंटरनेटवर मिळतात.

कोकणातल्या वाचकांना इथं फार शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हा हिशेब वेल्समध्येही तोच. चंद्र एकच आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, म्हणजे वाळूही जास्त उघडी पडते. मात्र तिथीवरून भरतीची नेमकी वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावरचा आडाखा तिथं चालत नाही. ती वेळ प्रत्येक बंदराची वेगळी असते, म्हणून कोष्टकच प्रमाण मानायचं.

कोष्टकातून दोनच गोष्टी काढायच्या. पहिली, दुपारच्या आत किंवा दुपारनंतर लगेच ओहोटीची वेळ येते असे दिवस कोणते. दुसरी, त्या दिवशी ओहोटीला पाण्याची उंची किती. हा आकडा जितका लहान, तितकी वाळू मोठी. वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणजे सोमवारी ओहोटी सकाळी दहाला असेल तर गुरुवारी ती साडेबाराच्या सुमारास येईल. एका आठवड्यात असे तीन-चार सोयीचे दिवस सहज सापडतात. त्यातला एक पोर्टमेरिअनसाठी राखून ठेवायचा आणि बाकीचे दिवस किल्ल्यांना द्यायचे. किल्ल्यांना भरतीचं सोयरसुतक नाही.

*सावध:* काही कोष्टकं बाराही महिने ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे असतात. तेव्हा कोष्टकाच्या डोक्यावर कोणती वेळ लिहिली आहे ते वाचा आणि गरज असेल तर एक तास मिळवा. वाळूवर तासाची चूक ही छोटी चूक नव्हे.

महिना निवडताना उजेडाचाही विचार करा. जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. मे, जून आणि सप्टेंबर हे माझ्या मते सगळ्यात बरे महिने. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर शाळांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा मुक्कामाचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात.

2. घरी बसून दोन-तीन भाग पाहा

सतराच्या सतरा पाहायची गरज नाही. पण काहीच न पाहता गेलात तर तुमच्यापुढे रंगीत घरं आणि बगीचा एवढंच उरेल. पहिला भाग ‘अरायव्हल’ पाहाच, कारण त्यात गावाची फेरीच होते. मग ‘चेकमेट’ पाहा, त्यात माणसं सोंगट्या होऊन पटावर उभी राहतात. तिसरा भाग आवडीनं निवडा.

पाहताना वही घ्या आणि थांबवून थांबवून जागा लिहा. कोणतं घर, मागे काय दिसतं, कॅमेरा वरून आहे की खालून. मोबाइलवर पाच-सहा दृश्यांची चित्रं साठवून ठेवली तर उत्तमच. तिथं उभं राहून चौकट जुळवण्यात खरी मजा आहे, आणि ती आयत्या वेळी इंटरनेट शोधून होत नाही. झाडीत आणि उतारावर मोबाइलला नेटवर्क मिळेल असं गृहीत धरू नका.

घरीच एक गोष्ट पक्की करून घ्या: आतली दृश्यं पोर्टमेरिअनमध्ये नाहीत. नंबर सहाची खोली, गावाचा कारभार पाहणाऱ्या नंबर दोनचा गोल दिवाणखाना, नियंत्रणकक्ष हे सगळं लंडनजवळच्या बोरॅमवुड इथल्या एम.जी.एम. स्टुडिओत उभारलेलं होतं. गावात फक्त बाहेरचं चित्रीकरण झालं. हे माहीत नसलं की माणूस प्रत्येक दाराची मूठ फिरवून पाहत सुटतो. त्यातली बरीच दारं राहायला आलेल्या पाहुण्यांच्या खोल्यांची असतात.

3. मुक्काम कुठं आणि रेल्वे कोणती

मुक्काम पोर्थमाडोगला करा. लंडनहून एका दिवसात जाऊन येण्याचा विचार सोडून द्या. बर्मिंगहॅमहूनसुद्धा एका बाजूला चार तासांहून जास्त जातात. पोर्थमाडोगहून पोर्टमेरिअन तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे, हार्लेख आणि क्रिक्येथला थेट रेल्वे आहे, कायर्नार्वनला बस आहे. किल्ल्यांसाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. पोर्टमेरिअनमध्येच राहायची ऐपत असेल तर निदान एक रात्र राहा. दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावरचं गाव वेगळंच असतं, आणि मालिकेतलं ते अस्वस्थ रिकामपण तेव्हाच जाणवतं.

जायचे दोन रस्ते आहेत.

पहिला दक्षिणेकडून: बर्मिंगहॅम, श्रूझबरी, मखन्थलेथ आणि तिथून किनाऱ्यानं वर. पोर्टमेरिअनसाठी मिन्फोर्द स्टेशन. बर्मिंगहॅमकडून येणाऱ्या गाडीचे मखन्थलेथला दोन तुकडे होतात. एक ॲबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्यानं पुथ्लेलीकडे. तुम्हाला पुथ्लेलीचा तुकडा हवा. पहिल्या खेपेला मी चुकीच्या डब्यात छान झोपलो होतो. घोषणा आधी वेल्शमध्ये झाली, मग इंग्रजीत, आणि मला जाग आली ती डबे सोडवल्याच्या धक्क्यानं. फलाटावरून बॅग ओढत पळालो म्हणून निभावलं. नंतरची गाडी साधारण दोन तासांनी असते, त्यामुळे ही चूक म्हणजे अर्धा दिवस पाण्यात.

दुसरा उत्तरेकडून: चेस्टर, लँडुडनो जंक्शन, तिथून कॉन्वी खोऱ्यातला रेल्वेफाटा धरून ब्लायनाय फेस्टिनिऑग. पुढे फेस्टिनिऑगची अरुंद मापाची जुनी छोटी रेल्वे डोंगर उतरून पोर्थमाडोगला येते. लंडन किंवा मँचेस्टरकडून येणाऱ्यांनी निदान एका बाजूनं हा रस्ता धरावा. वेळ जास्त लागतो, पण तो वाया जात नाही. अट दोन गोष्टींची: छोटी रेल्वे मुख्यतः वसंतापासून शरदापर्यंत चालते आणि जागा आधी राखावी लागते, आणि मोठ्या पावसात खोऱ्यातला मार्ग पुरानं बंद पडतो. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

*थांबा, हे तपासा:*
- पोर्थमाडोगला दोन स्टेशनं आहेत. मोठ्या रेल्वेचं एका टोकाला, छोट्या रेल्वेचं बंदराशी. मध्ये अख्खा बाजार आहे. एकावरून उतरून दुसऱ्यावरची गाडी गाठायची असेल तर वीस मिनिटं हाताशी ठेवा.
- किनारी मार्गावरच्या लहान थांब्यांवर गाडी मागितल्याशिवाय थांबेलच असं नाही. उतरायचं असेल तर गाडीत बसल्या बसल्या गार्डला सांगा. चढायचं असेल तर फलाटावर दिसेल असं उभं राहून हात दाखवा, अगदी गावाकडच्या एस.टी.ला दाखवतो तसा.
- रविवारी गाड्या आणि बसगाड्या दोन्ही कमी होतात. रविवारचं वेळापत्रक वेगळं पाहा.

नावांच्या उच्चारांवर थोडा वेळ घालवा, नाहीतर गार्डला काय सांगणार? वेल्शमध्ये एक ‘एफ’ म्हणजे व, दोन ‘एफ’ म्हणजे फ. दोन ‘डी’ म्हणजे इंग्रजी ‘दॅट’मधला द. ‘सी’ कायम क. ‘डब्ल्यू’ बऱ्याचदा उ. म्हणून कायर्नार्फन नव्हे, कायर्नार्वन. दोन ‘एल’चा उच्चार मात्र देवनागरीत लिहून दाखवता येत नाही. आपल्याला ळ येतो म्हणून हेही जमेल असा माझा गैरसमज होता. ती जीभ लच्या जागी ठेवून बाजूनं हवा फुंकायची गोष्ट आहे. न जमल्यास लोक हसत नाहीत, दुरुस्त करतात.

4. पास, तिकीट आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जात असाल तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा पुरतो, वेल्ससाठी वेगळं काही लागत नाही. शेंगेन व्हिसा चालत नाही. युरोप फिरता फिरता ‘वेल्सही उरकून घेऊ’ म्हणणारे इथंच अडकतात.

तिकिटांची गल्लत मात्र ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहणारेही करतात. पोर्टमेरिअनचं तिकीट पूर्णपणे स्वतंत्र आहे आणि कुठल्याही किल्ल्याच्या पासात ते येत नाही. इथले पाचही किल्ले, म्हणजे हार्लेख, क्रिक्येथ, कायर्नार्वन, कॉन्वी आणि बोमॅरिस, ‘कॅडू’ या वेल्स सरकारच्या वारसा संस्थेकडे आहेत. नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी वेगळी संस्था, तिचं सभासदत्व तिथं उपयोगी पडत नाही. इंग्लिश हेरिटेज या इंग्लंडमधल्या वारसा संस्थेचे सभासद असाल तर पहिल्या वर्षी निम्मं तिकीट पडतं, सभासदत्वाचं नूतनीकरण झाल्यावर मोफत.

तीन किंवा त्याहून जास्त किल्ले पाहणार असाल तर कॅडूचा एक्सप्लोरर पास बघा. तो तीन दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो आणि ते दिवस सलग असायची गरज नसते. तीन दिवसांचा पास सात दिवसांत वापरता येतो. म्हणून पोर्टमेरिअनचा दिवस पासात मोजू नका. तो दिवस मध्ये आला तरी पास वाया जात नाही. दोनच किल्ले पाहायचे असतील तर सुटी तिकिटं आणि पास यांची बेरीज करून पाहा, सवयीनं पास घेऊ नका.

5. पोर्टमेरिअनचा दिवस

मिन्फोर्दहून चालत निघालात तर मैलभराचं अंतर आहे, अर्धा तास धरा. वाटेत उजेडात चमकणारी, माथ्यावर किल्ल्यासारख्या दातेरी चर्या असलेली एक दगडी वास्तू लागते: कास्टेल दाइद्राइथ. ‘कास्टेल’ म्हणजे किल्ला, त्यामुळे पर्यटक हमखास फसतात. ती व्हिक्टोरियन काळातली हवेली आहे, आता हॉटेल आहे. चहाला बसा, पण किल्ल्यांच्या यादीत तिला धरू नका.

फाटक उघडतं तेव्हाच आत जा. सहलीच्या बसगाड्या अकरानंतर यायला लागतात, आणि मधल्या चौकात गर्दी झाली की एकही चौकट जुळत नाही. पुढचा क्रम ओहोटीवर ठरतो.

ओहोटी सकाळी असेल तर वरची घरं बघत रेंगाळू नका. सरळ उतरून खाडीकाठच्या हॉटेलपाशी आणि धक्क्यावर जा, आधी वाळूचं काम करा (ते पुढच्या टप्प्यात), मग वर चढत गाव पाहा.

ओहोटी दुपारी असेल तर वरून खाली या. वरच्या अंगाला, आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर, नंबर सहाचं घर आहे. आज तिथं मालिकेच्या वस्तूंचं दुकान आहे. दुकान पाहून खट्टू होऊ नका. बाहेर येऊन दाराकडे तोंड करून उभं राहा, मालिकेतलं दृश्य बाहेरचंच आहे. पुढे हिरवा घुमट: नंबर दोनचं निवासस्थान. मधल्या चौकाकडे तोंड केलेली ग्लोरिएट या इमारतीची गॅलरी आहे. मालिकेतलं नगरभवन म्हणजे हर्क्युलीस हॉल. सगळ्यात खाली पाण्याशी असलेलं मुख्य हॉटेल म्हणजे मालिकेतला वृद्धाश्रम. त्याच्यासमोर धक्क्याला लागून बांधलेली दगडी होडी आहे. ती समुद्रात जात नाही, बांधकामाचाच भाग आहे.

आता ‘गाव एवढंसंच?’ या तक्रारीकडे. हो, गाव लहानच आहे. न थांबता चाललात तर पाऊण तासात संपेल. वास्तुकार क्लफ विल्यम्स-एलिस यांनी 1925 पासून पन्नास वर्षांत ते उभं केलं, तेही नजरबंदीच्या युक्त्या करून. वरचे मजले खालच्यांपेक्षा बुटके, काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या, उतारामुळे घरं एकावर एक चढल्यासारखी. त्यात मालिकेनं संकलनाच्या कात्रीनं गाव आणखी ताणलं. तेव्हा भव्यतेच्या अपेक्षेनं चालत सुटू नका. एकेका ठिकाणी दहा मिनिटं थांबा, साठवलेलं चित्र काढा, दोन पावलं मागे-पुढे व्हा. खोट्या खिडक्या मोजायचा खेळ मुलांना लावून द्या. तेवढ्यात तुमची चौकट जुळवून होते.

गावामागं ‘ग्विथ्ल्ट’ नावाचं जंगल आहे. दुपारच्या गर्दीचे दोन तास तिथं काढायचे. खाडीवरून दिसणारे टोकावरचे कोपरे तिथूनच सापडतात, आणि पाऊस असेल तर झाडांखाली निभावतं.

*सावध:* पाहुण्यांच्या खोल्यांच्या अंगणात, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. आणि परतीचं तिकीट हातात घट्ट धरून फिरू नका. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची ठरवा, शेवटची नव्हे.

6. वाळूवर उतरताना

सगळ्यात गंभीर चुका इथंच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

1. भरतीनंतर किमान तीन तास गेल्याशिवाय वाळूवर उतरू नका. पाणी उतरत असतानाच उतरायचं.
2. कोष्टकातल्या ओहोटीच्या वेळेच्या आधीच माघारी फिरा. पाऊण तास आधीचा गजर मोबाइलला लावा. ओहोटी गाठून मग परतू असं म्हणणारा माणूस भरतीबरोबर शर्यत लावतो. खाडीत पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. आधी मागचे चर भरतात, आणि तुम्ही उभे असलेली वाळू बेट होऊन बसते.
3. काठालगत राहा. समोर इनिस गिफ्टन नावाचं बेट दिसतं आणि ओहोटीला अगदी जवळ वाटतं. तिकडे जायचं नाही. मधल्या प्रवाहाची वाट बदलत राहते आणि वाळू जागोजाग रुतवणारी आहे.
4. पायाखाली वाळू थरथरली किंवा चमकदार ओलसर दिसली की पुढचं पाऊल टाकू नका. आल्या पावलांवरूनच मागे या.
5. गमबूट किंवा भिजले तरी चालतील असे बूट घाला. चपला चिखल काढून घेतो.

रुतलातच तर धडपडू नका, वजन पसरून मागे झुका, पाय हळूहळू हलवत सोडवा. काठावर कोणी अडकलेलं दिसलं तर त्याच्याकडे धावू नका. 999 लावा आणि कोस्टगार्ड मागा.

फोटोसाठी फार लांब जायची गरजच नाही. शंभर पावलांवरून मागे वळलात की घुमट, घंटाघर आणि झाडी एका चौकटीत येतात. पांढरा फुगा सोबत न्यायचा मोह होतो. तो वाऱ्यानं सुटला की खाडीत प्लॅस्टिकचा कचरा होतो. नंबर सहासारखं नुसतं धावून दाखवा.

7. किल्ले: कोणता, किती वेळ, कुठून सुरुवात

आपल्याकडचा गड म्हटला की डोंगर चढायचा, वर टाकं, पडझड झालेला वाडा आणि फुकट प्रवेश. इथं तसं नाही. हे किल्ले बहुतेक समुद्राला लागून आहेत, फाटकाला वेळ आहे आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी मिळतो. साडेचारला पोचून ‘अजून उजेड आहे की’ म्हणून उपयोग नाही. हिवाळ्यात काही जागा आठवड्यातले काही दिवस बंद असतात, म्हणून त्या त्या किल्ल्याचं पान आदल्या रात्री पाहा. सोसाट्याचा वारा असला की वरची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, बंद करतात.

एका दिवसात एक मोठा किल्ला. जोडीला फार तर एक छोटा.

हार्लेख. एकच किल्ला पाहायचा असेल तर हा. मिन्फोर्द किंवा पोर्थमाडोगहून किनाऱ्याची रेल्वे थेट कड्याच्या पायथ्याशी सोडते. किल्ला डोक्यावर दिसत असतो, वाट मात्र वळसा घालून चढते. चढावर वीस मिनिटं आणि थोडा दम राखून ठेवा. इथल्या फोर्द पेन थ्लेख या रस्त्याला 2019 साली जगातला सर्वांत तीव्र चढाचा रस्ता म्हणून गिनेसची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती न्यूझीलंडला परत गेली. चालायला मजेदार आहे, गाडी घालायला मुळीच नाही.

आत गेल्यावर लोक धावत बुरुजावर जातात. तसं न करता आधी मुख्य दरवाज्याच्या इमारतीत थांबा, कारण या किल्ल्याचं बळ तिथंच आहे. मग फांजीवरून पूर्ण फेरी करा आणि समुद्राच्या बाजूला खाली पाहा. आज दिसणारी वाळूची टेकाडं आणि मैदान तेव्हा नव्हतं, समुद्र कड्यापर्यंत येई. वेढ्यात रसद होड्यांनी यायची आणि 108 पायऱ्या चढून वर पोचायची. आकडा ऐकून आपल्या मंडळींचे हात जोडले जातात, पण योगायोग आहे. दोन तास द्या.

क्रिक्येथ. पोर्थमाडोगहून पश्चिमेला रेल्वेनं काही मिनिटांवर. समुद्रात घुसलेल्या टेकाडावरचा हा किल्ला मुळात वेल्श राजपुत्रांचा, नंतर इंग्रजांनी घेतलेला. अवशेष थोडे आहेत, पाऊण तास पुरे. हार्लेखच्या दिवशी दुपारनंतर जोडायला हाच योग्य. हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे हार्लेख दिसतो, म्हणून आधी हार्लेख, मग हा.

कायर्नार्वन. इथं मोठ्या रेल्वेचं स्टेशन नाही, आणि नकाशा न पाहता निघालेले बँगर स्टेशनला जाऊन अडकतात. पोर्थमाडोगहून टी-2 बस पकडा. किंवा वेल्श हायलँड रेल्वेनं जा: चाळीस किलोमीटरचा डोंगरी प्रवास, एका बाजूला दोन तासांहून जास्त. दोन्ही बाजूंनी रेल्वे घेतली तर किल्ल्यासाठी वेळच उरत नाही. जाताना रेल्वे, येताना बस, हे गणित बसतं. बहुकोनी बुरूज आणि रंगीत दगडांचे पट्टे बाहेरूनच नीट दिसतात, म्हणून आत जाण्याआधी नदीपलीकडे जाऊन एकदा पाहून या. किंग्ज गेटमध्ये आता लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना वरपर्यंत नेता येतं. इतर किल्ल्यांत ही सोय गृहीत धरू नका. तिथले गोल जिने अरुंद आणि झिजलेले आहेत, पाठीवरची मोठी सॅक खालीच ठेवावी.

कॉन्वी. परतीच्या वाटेवर ठेवा, उत्तरेकडून परतणार असाल तर अगदी रस्त्यातच आहे. किल्ल्याला आठ बुरूज आहेत. पण खरी मौज शहराच्या तटबंदीची: सव्वा किलोमीटरहून जास्त लांब आणि चालायला फुकट. लोक किल्ला पाहून दमतात आणि तट सोडून देतात. उलट करा. आधी तटाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यावर जा, तिथून किल्ला, खाडी आणि आतलं शहर एकत्र दिसतं. मग किल्ला. एकूण तीन तास.

बोमॅरिस. अँगलसी बेटावर. एका तटात दुसरा तट, भोवती पाण्याचा खंदक, आखणी इतकी रेखीव की कागदावरच काढलेला वाटतो. 1295 साली काम सुरू झालं आणि पूर्ण कधीच झालं नाही. दुर्गबांधणीत रस असेल तर जाच. पण या सहलीत बँगरहून बसनं जाऊन येण्यात दिवस जातो, म्हणून चार दिवसांपेक्षा कमी असतील तर गाळा. मीही पहिल्यांदा गाळला होता, पश्चात्ताप झाला नाही.

8. गाडी चालवत जाणार असाल तर

भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत चालतं, आणि गाडी डावीकडूनच चालवायची. फसगत वेगमर्यादेत होते. सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर सर्वसाधारण मर्यादा ताशी 20 मैल आहे. इंग्लंडच्या सवयीनं तीसनं गेलात तर दंडाचं पत्र घरी येईल. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आराव’ लिहिलेलं दिसेल. ते आपल्या ‘आराम’सारखंच वाचायचं: म्हणजे हळू. ‘माइस पार्किओ’ म्हणजे वाहनतळ. ‘आर गाय’ म्हणजे बंद, आणि ही पाटी किल्ल्याच्या दारावर दिसली तर वाद घालू नका.

संध्याकाळी लहान गावांत स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. आठनंतर गरम जेवण मिळेलच असं नाही, शाकाहारी तर आणखी अवघड. थालीपीठ, दशम्या, चिवडा असं काहीतरी खोलीवर ठेवा. छत्री नेऊ नका, किल्ल्याच्या फांजीवर ती उलटी होते. टोपीचं जलरोधक जाकीट न्या, जूनमध्येसुद्धा.

शेवटच्या दिवशी कॉन्वीहून परतताना फलाटावर बाकावर बसून राहू नका. तिथंही गाडी मागितल्यावरच थांबते. ती वळणावर दिसली की उठा, पुढे या आणि हात दाखवा.